शेवटचा गिअर रस्त्यावर असतो

आठशे सीसीची गाडी टायरच्या दुकानासमोर उभी राहिली, की एक सल्ला न मागता मिळतो. "साहेब, बदलताच आहात तर एक साइज मोठा टाका. गाडी भरलेली दिसेल, रोडही पकडेल." सल्ला देणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. बारा इंची रिमवरचे मूळ टायर खरोखरच किरकोळ दिसतात, आणि त्या मापात दुकानात पर्यायही मोजकेच असतात. पण दीडशे अश्वशक्तीच्या गाडीला जो बदल सहज पचतो, तो अठ्ठेचाळीस अश्वशक्तीच्या गाडीला पचेलच असं नाही. इंजिनाने निर्माण केलेला जोर गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि ॲक्सल असा फिरत येतो आणि टायरच्या त्रिज्येतून रस्त्याला मिळतो. म्हणजे टायर हा गाडीचा शेवटचा गिअरच असतो. तो बदलताना आपण इंजिनाच्या वाट्याचं काम बदलत असतो, आणि ज्या इंजिनाकडे शिल्लक कमी, त्याला हा बदल लगेच जाणवतो.

उदाहरण म्हणून आपल्या रस्त्यांवर सगळीकडे दिसणारी मारुती अल्टो ८०० घेऊ. २०१२ साली आलेल्या या गाडीचं इंजिन ७९६ सीसीचं. ताकद ४८ अश्वशक्ती, तीही ६००० फेऱ्यांना. टॉर्क ६९ न्यूटन-मीटर, ३५०० फेऱ्यांना. सीएनजीवर हेच आकडे साधारण ४० आणि ६० वर येतात. रिकाम्या गाडीचं वजन सुमारे सातशे किलो आणि टायर १४५/८० आर १२.

आकड्यांची फोड

टायरच्या भिंतीवरचा हा आकडा म्हणजे तीन मापांची जोडणी आहे. १४५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ८० टक्के, म्हणजे ११६ मिलिमीटर. 'आर' म्हणजे रेडियल, आणि १२ हा रिमचा व्यास, इंचांत. पूर्ण चाकाचा व्यास काढायचा तर भिंत दोनदा धरायची, एकदा रिमच्या वर आणि एकदा खाली: २३२ मिलिमीटर. त्यात बारा इंचांचे ३०४.८ मिळवले की ५३६.८, म्हणजे जवळपास ५३७ मिलिमीटर.

हा ५३७ चा आकडा लक्षात ठेवायचा. रिम बारा इंची की तेरा इंची, यापेक्षा बाहेरचा व्यास किती हा प्रश्न इंजिनाच्या दृष्टीने कितीतरी महत्त्वाचा आहे. रिम वाढवून भिंत तेवढीच कमी केली तर बाहेरचा व्यास तसाच राहतो आणि इंजिनाला फरक कळतही नाही. रिमही वाढवली आणि भिंतही जाड ठेवली, तर मात्र गाडीचं गिअरिंगच बदलतं.

अल्टोवाले अनेकदा ज्या मापाकडे वळतात ते म्हणजे वॅगनआरच्या काही मॉडेलांवर येणारं १५५/८० आर १३. हिशोब केला तर त्याचा व्यास ५७८ मिलिमीटर येतो. मूळ मापापेक्षा हे चाक ७.७ टक्क्यांनी मोठं झालं. गाडी वीस मिलिमीटर उचलली जाते, स्पीडब्रेकरवर पोट घासत नाही, मालक खूश होतो. किंमत वसूल होते ती चढावर.

घाटाचं गणित

रस्त्यावर मिळणारा रेटा म्हणजे इंजिनाचा टॉर्क गुणिले गिअरचं एकूण प्रमाण, भागिले चाकाची त्रिज्या. त्रिज्या ७.७ टक्क्यांनी वाढली की प्रत्येक गिअरमधला रेटा त्याच हिशोबाने घटतो. मूळ चाकांच्या भाषेत सांगायचं तर ६९ न्यूटन-मीटरचं इंजिन ६४ चं होऊन बसतं. सीएनजीवर ६० चे ५६ सुद्धा राहत नाहीत.

पाच न्यूटन-मीटरने काय होतं, असं वाटू शकतं. आता चार माणसं आणि सामान भरलेली गाडी घ्या, वजन साधारण १०५० किलो. दर दहा मीटरला एक मीटर चढणारा घाटाचा तुकडा. फक्त उतारावर मागे न घसरता गाडी वर ओढण्यासाठीच सुमारे १०३० न्यूटन रेटा लागतो. टायरचा घर्षणविरोध आणि हवेचा थोडा अडथळा धरला तर बेरीज बाराशेच्या आसपास जाते. ताशी ४० किलोमीटर वेग राखायचा तर चाकांवर सुमारे १८ अश्वशक्ती हवी, आणि गिअर-ॲक्सलमधली गळती धरून इंजिनाकडून वीस.

कागदावर ४८ आहेत की! पण त्या ६००० फेऱ्यांना. ३५०० फेऱ्यांना हे इंजिन साधारण ३४ अश्वशक्ती देतं. २००० फेऱ्यांवर तर टॉर्क पूर्ण ६९ धरला तरी ताकद विसाच्या आतच राहते. त्यामुळे लहान इंजिनाच्या गाडीत चढावर फेऱ्या टिकवणं हाच सगळा खेळ असतो. चाक मोठं केलं की त्याच वेगाला, त्याच गिअरमध्ये इंजिनाच्या फेऱ्या कमी होतात आणि ते नेमकं त्याच्या अशक्त पट्ट्यात ढकललं जातं. वरंधा किंवा कुंभार्ली घाटात जिथे आधी तिसरा गिअर पुरत होता तिथे दुसरा टाकावा लागतो. चढावर थांबलेली गाडी उचलताना हाफ-क्लच जास्त वेळ धरावा लागतो, आणि त्याचा हिशोब पुढे क्लच प्लेट बदलताना चुकता होतो.

सपाट हायवेवर उलटा फायदा होईल असं काही जण सांगतात: फेऱ्या कमी, म्हणून पेट्रोल कमी. तत्त्वतः बरोबर आहे. पण समोरून वारा आला किंवा उड्डाणपुलाचा हलका चढ लागला की कमी ताकदीचं इंजिन पाचव्या गिअरमध्ये दम टाकतं, चालक चौथा टाकतो, आणि बचत तिथेच संपते.

मीटरची दिशाभूल

चाकाची दुसरी गोम स्पीडोमीटरमध्ये आहे. मीटर चाकाच्या फेऱ्या मोजतो, चाकाचा व्यास त्याला ठाऊक नसतो. व्यास ७.७ टक्क्यांनी वाढवला की मीटरवर ६० दिसत असताना चाक प्रत्यक्षात जवळपास साडेचौसष्टच्या हिशोबाने धावत असतं. कंपन्या मीटर मुद्दाम थोडा पुढे दाखवणारा ठेवतात. आंतरराष्ट्रीय नियमच असा आहे की दाखवलेला वेग खऱ्या वेगापेक्षा कधीही कमी असता कामा नये, जास्त मात्र ठरावीक मर्यादेत चालतो. मोठं चाक ही राखीव जागा खाऊन टाकतं, आणि मग स्पीडगनची पावती अनाकलनीय वाटू लागते.

किलोमीटर मोजणारा ओडोमीटरही याच कारणाने मागे पडतो. खरे १०० किलोमीटर गेले तरी तो सुमारे ९३ दाखवतो. लिटरला वीसचं मायलेज देणारी गाडी काहीही न बिघडता कागदावर साडेअठरा देऊ लागते. "मोठे टायर टाकले आणि ॲव्हरेज पडलं" या तक्रारीचा काही भाग असा निव्वळ मोजणीतला असतो. खरी घट किती, हे शोधायचं तर ओडोमीटरचे किलोमीटर आधी व्यासाच्या गुणोत्तराने दुरुस्त करून घ्यावे लागतात. चाक लहान केलं तर याच्या उलट, फुशारकी मारण्याजोगं खोटं मायलेज दिसतं.

मोठ्या चाकाचा इतिहास

याचा अर्थ लहान इंजिनाला लहान चाकच लागतं असा मात्र नाही. १९४८ साली पॅरिसच्या प्रदर्शनात आलेल्या सित्रोएन टूसीव्हीचं इंजिन होतं ३७५ सीसीचं, ताकद जेमतेम ९ अश्वशक्ती. तरी तिला ४०० मिलिमीटर, म्हणजे पावणेसोळा इंचांची रिम आणि अवघ्या १२५ मिलिमीटर रुंदीचे टायर होते. शेतकऱ्याने ती गाडी खाचखळग्यांच्या वाटांवर न्यायची होती, आणि मोठं चाक खड्ड्यात कमी उतरतं. अकरा वर्षांनी इंग्लंडमध्ये ॲलेक इसिगोनिस यांनी उलटी वाट धरली. त्यांच्या ८४८ सीसीच्या मिनीला दहा इंची चाकं होती, कारण चाकांनी खाल्लेली जागा त्यांना चार माणसांसाठी हवी होती. एवढ्या छोट्या चाकाचे टायर डनलॉपला खास घडवावे लागले.

आपल्याकडेही दोन्ही तऱ्हा नांदल्या. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेली पद्मिनी मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून दशकानुदशकं धावली. १०८९ सीसीच्या त्या गाडीला चाळीसेक अश्वशक्ती होती आणि टायर ५.२०-१४, म्हणजे चौदा इंची रिम आणि सुमारे १३२ मिलिमीटर रुंदी. आजच्या नजरेला ते सायकलीचे वाटतील. २००९ साली आलेल्या टाटा नॅनोला पुढे १३५/७० आर १२ आणि मागे १५५/६५ आर १२ होते. इंजिन मागे असल्याने वजनाचा भार मागे होता. वळणावर मागचा भाग बाहेर फेकला जाऊ नये म्हणून मागचे टायर रुंद ठेवले होते. तिथली रुंदी तोलाच्या हिशोबातून आली होती.

हे सगळे अभियंते चाकाचं माप ठरवून मग गिअरचं प्रमाण ठरवू शकत होते. टूसीव्हीचं मोठं चाक तिच्या गिअरबॉक्सला धरूनच आखलेलं होतं. गाडी विकत घेतलेल्या माणसाला हे स्वातंत्र्य नसतं. त्याचा गिअरबॉक्स ठरलेला आहे, म्हणून बाहेरचा व्यासही ठरलेला आहे.

आणखी एक गोष्ट या यादीतून दिसते. चाकं लहान असोत वा मोठी, अरुंद मात्र सगळीच आहेत. अगदी २०१३ साली बीएमडब्ल्यूने आय३ ही विजेवरची गाडी आणली तेव्हा तिला १५५/७० आर १९ असे उंच पण अरुंद टायर दिले. बॅटरीतली वीज जपायची होती, म्हणून.

रुंदीने नक्की काय मिळतं?

रुंद टायर म्हणजे रस्त्याला जास्त रबर लागणार, ही समजूत घट्ट बसलेली आहे. टायरचा जमिनीला टेकणारा भाग ढोबळमानाने दोनच गोष्टींवर ठरतो: चाकावरचं वजन आणि आतल्या हवेचा दाब. एका चाकावर अडीचशे किलो भार आणि ३० पीएसआय हवा असेल तर टेकणारी जागा सुमारे ११८ चौरस सेंटिमीटर येते, पोस्टकार्डाहून किंचित कमी. टायर रुंद केला आणि हवा तीच ठेवली तर हे क्षेत्रफळ फारसं वाढत नाही, त्याचा आकार बदलतो. अरुंद टायरचा ठसा लांबट, रुंद टायरचा आडवा.

आडव्या ठशामुळे वळणावर गाडी थोडी चटकन आणि ठामपणे वळते, हे खरं. पण जुलैत कोकणातल्या रस्त्यावर पाणी साचलेलं असताना लांबट ठसा बरा पडतो. टायरच्या पुढच्या भागाने पाणी बाजूला सारायचं आणि मागच्या भागाने डांबर पकडायचं, असं ते काम चालतं. रुंद टायरला एका वेळी जास्त पाणी हटवावं लागतं आणि त्यासाठी लांबी कमी मिळते. गाडी वजनाला हलकी असेल तर तो लवकर पाण्यावर तरंगायला लागतो. रुंद टायरने ब्रेक चांगले लागले असा अनुभव जिथे येतो तिथे बहुतेकदा श्रेय नव्या रबराचं आणि नव्या खोल नक्षीचं असतं. तेच नवं, चांगलं रबर मूळ रुंदीतही मिळतं.

रुंदीचा बोजा बाकी सगळीकडे पडतो. हवेला अडथळा वाढतो. पॉवर स्टिअरिंग नसलेल्या साध्या मॉडेलमध्ये गाडी पार्क करताना दंडाला ते कळतं. चाक पूर्ण वळवल्यावर टायर मडगार्डच्या आतल्या अस्तराला घासू शकतो.

वजनाबद्दल मात्र भीती थोडी वाढवून सांगितली जाते. फिरणाऱ्या चाकाच्या कडेचं वजन वेग घेताना जवळपास दुप्पट मोजावं लागतं, कारण ते पुढेही जायला हवं आणि गोलही फिरायला हवं. समजा मोठी रिम आणि टायर मिळून प्रत्येक चाक तीन किलोने जड झालं. चारांचे बारा, दुपटीने चोवीस. दोन माणसांसह साडेआठशे किलोच्या गाडीत हे तीन टक्क्यांच्या आत बसतं. व्यास वाढवून आपण ७.७ टक्के घालवले होते, त्यापेक्षा हे निम्म्याहून कमी. जड चाकाचा खरा त्रास सस्पेन्शनला होतो. हलक्या गाडीखाली जड चाक उसळलं की शॉकॲब्सॉर्बरला ते आवरत नाही आणि खड्ड्याचा धक्का थेट बसणाऱ्यांपर्यंत पोहोचतो. 'अलॉय म्हणजे हलकं' हेही गृहीत धरू नये. स्वस्तातलं तेरा इंची अलॉय मूळच्या बारा इंची लोखंडी रिमपेक्षा जड असू शकतं. दुकानात वजनकाटा मागायला लाजण्याचं कारण नाही.

अल्टोसाठी कोणतं माप?

पहिली निवड मूळचं माप, १४५/८० आर १२. ११६ मिलिमीटरची उंच भिंत खड्ड्याचा मार स्वतः झेलते, रिम वाचते. बारा इंचीत मनासारखा टायर मिळतच नसेल, तर तेरा इंचीकडे वळताना व्यास सांभाळायचा.

१५५/६५ आर १३ चा व्यास ५३२ मिलिमीटर येतो, मूळपेक्षा एक टक्का कमी. २०१० साली आलेल्या अल्टो के-१० ला मारुतीने हेच माप दिलं होतं, म्हणजे त्याला कंपनीचाच दाखला आहे. एकच गोष्ट पाहायची: भार निर्देशांक. टायरच्या मापापुढे ७४ टी, ७३ टी असं लिहिलेलं असतं. अंक म्हणजे एक टायर किती भार पेलतो, अक्षर म्हणजे कमाल वेग. मूळ मापाला साधारणपणे ७४ असतो, म्हणजे ३७५ किलो. या मापाला ७३, म्हणजे ३६५. टायर 'मोठा' झाला, पण पेलण्याची क्षमता दहा किलोने घटली. मागे सीएनजीची टाकी आणि वर पूर्ण भरलेली गाडी असा वापर असेल तर हा तपशील डोळ्याआड करू नये.

१५५/७० आर १३ हे माप सँट्रोमुळे आपल्याकडे रुळलं. व्यास ५४७, म्हणजे जवळपास दोन टक्के जास्त. निर्देशांक ७५, म्हणजे ३८७ किलो. भिंत १०८ मिलिमीटरहून थोडी जास्त, म्हणजे खड्ड्यांना पुरेशी. माझ्या मते अल्टोला वरच्या बाजूची हद्द इथे संपते. १६५/६५ आर १३ चा व्यास ५४५ मध्येच बसतो, पण वीस मिलिमीटर जास्त रुंदी वाहायला रिमही किमान साडेचार इंच रुंद हवी. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला तर त्याची भिंत आत ओढली जाते आणि वळणावर गाडी झुलते.

सर्वसाधारण गाड्यांना व्यासात तीन टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो असं म्हणतात. पन्नासच्या आतल्या अश्वशक्तीला वाढीच्या दिशेने दोन टक्केच पुरे. आणि पंधरा इंची रिमवर पट्टीसारखा पातळ टायर हा प्रकार या वर्गाला नकोच: व्यास जुळला तरी भिंत उरत नाही, आणि एखाद्या पावसाळ्यात रिम वाकते किंवा टायरला फुगा येतो.

रिम बदलताना नटांच्या वर्तुळाचं माप म्हणजे पीसीडी, मधल्या छिद्राचा व्यास आणि ऑफसेट ही तिन्ही मापं जुळली पाहिजेत. 'बसतंय ना' एवढ्यावर समाधान मानू नये. स्टेपनीचाही विचार करावा. चार चाकं ५४७ ची आणि स्टेपनी ५३७ ची असेल तर घरापर्यंत येता येतं. मात्र ती मागच्या बाजूला लावावी, कारण पुढच्या चाकांतून जोर जातो आणि दोन वेगळ्या व्यासांमुळे डिफरन्शियल सतत फिरत राहतं. चाकं ५७८ ची असतील तर जुनी स्टेपनी जवळजवळ निरुपयोगी.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीत मूळ वर्णनापासून फारकत घेणारे बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे ठामपणे अधोरेखित केलं. कंपनीने त्याच मॉडेलच्या एखाद्या आवृत्तीला दिलेलं माप निवडणं सगळ्यात निर्धोक. मडगार्डच्या बाहेर डोकावणारी चाकं मात्र रस्त्यावर अडवणूक आणि अपघातानंतर विम्याचा वाद, दोन्हींना आमंत्रण देतात.

पैसे कुठे घालावेत

चार अलॉय आणि चार रुंद टायर यांवर जाणारा खर्च कमी ताकदीच्या गाडीत दुसरीकडे जास्त फळ देतो. मूळ मापातच चांगल्या प्रतीचा, कमी घर्षणविरोधाचा टायर घ्यावा. २०२२ पासून आपल्याकडे घर्षणविरोध, ओल्या रस्त्यावरची पकड आणि आवाज यांसाठी टायरला किमान निकष लागू होऊ लागले आहेत, त्यामुळे या गोष्टी दुकानदाराला विचारता येतात. भिंतीवरचा चार अंकी उत्पादन-संकेत वाचावा: २३२४ म्हणजे २०२४ मधला तेविसावा आठवडा. दोन-तीन वर्षं गोदामात पडलेला 'नवा' टायर सवलतीत मिळाला तरी सोडून द्यावा. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरवर आली की कायद्याने टायर संपला, पण कोकणातल्या पावसासाठी तो त्याच्या बऱ्याच आधी संपलेला असतो.

हवा मात्र फुकट आहे आणि सगळ्यात जास्त परिणाम तीच करते. दाराच्या चौकटीजवळच्या पट्टीवर किंवा माहितीपुस्तिकेत रिकाम्या आणि भरलेल्या गाडीसाठी दाब दिलेला असतो. टायर थंड असताना, पंधरा दिवसांतून एकदा तो तपासला तर अठ्ठेचाळीस अश्वशक्तीतली जेवढी रस्त्यापर्यंत पोहोचायला हवी तेवढी पोहोचते. दुकानदाराने पुन्हा "एक साइज मोठा" म्हटलं तर त्याला एकच प्रश्न विचारावा: "बाहेरचा व्यास किती येतो?" उत्तर ५४७ च्या वर गेलं, तर चाक मोठं होईल आणि गाडी लहान.